टोक गेलं बघ

त्या दिवशी दोन्ही माग बंद होते. एकाचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलेला, नवे धागे जोडणारा सांधणीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, आणि दुसऱ्याचा धोट्याला फटका मारणारा पिकर तुटलेला, त्यामुळं घरात जी शांतता होती तसली बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात वर्षातनं चार-पाच वेळाच येते. मी आतल्या खोलीत मशीन लावून बसले होते. सर्किटच्या बोर्डासाठी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायचं काम चाललेलं, चाळीस मिनिटांचं, त्यातली पंधरा झाली असतील. आप्पा बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत होते. तिथनंच हाक आली, "अगं, टोक गेलं बघ तुझं."

मला आधी कळलंच नाही कशाचं टोक. स्क्रीनवर सगळं नीट दिसत होतं, मशीन फिरत होतं, रेघा पडत होत्या. तरी थांबवलं आणि आप्पांचंच ते धागे मोजायचं घडीचं भिंग घेऊन बघितलं तर खरंच, बिटचं, म्हणजे कोरणाऱ्या सुईचं, टोक उडालं होतं, आणि शेवटच्या पाच-सहा रेघा दुप्पट रुंद, कडा फाटलेल्या. बाहेर जाऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "आवाज बसला की त्याचा. घशात कफ झाल्यावानी."

हे मी मुद्दाम आधी सांगितलं, कारण पुढं आप्पांच्या कानाबद्दल जे सांगायचंय ते याच्या उलट आहे, आणि दोन्ही खरं आहे.

आमच्याकडं साडी निघते. शहापूर-वडगाव भागात आता माग कमी होत चाललेत, पण आमच्या गल्लीत अजून सकाळी खटखट सुरू झाली की दूधवाल्याला दारात ओरडावं लागतं. साडी विणताना आधी अंग, मग पदर. पदर कुठं सुरू करायचा ते ताण्यावरच्या, म्हणजे उभ्या धाग्यांवरच्या, रंगाच्या खुणेवरनं कळतं आणि बाकी हिशेब आप्पांच्या वितीचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं छान दिसतं, पण रात्री ट्यूबलाईटच्या उजेडात ती फिकट खूण सुटते. एकदा सुटली, पदर उशिरा लागला, साडी सेकंडमध्ये, म्हणजे खोटीच्या मालात, गेली. आप्पा काही बोलले नाहीत, जेवले पण नाहीत नीट. तेव्हा मी ठरवलं की मोजणारं काहीतरी करायचं.

गणित सोपं आहे. अंग पाच मीटर धरलं तर १९७ इंच, इंचाला ६० पिक, पिक म्हणजे एक आडवा धागा, म्हणजे ११,८२० वेळा धोटा इकडनं तिकडं जायचा. क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, मिनिटाला साधारण १२० फेरे, म्हणजे मध्ये कुठं माग थांबला नाही तर ताशी हिशेबानं एक तास चाळीस मिनिटं. शाफ्टच्या चाकावर एक लोहचुंबक चिकटवायचा, समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, चुंबक समोरनं गेला की एक आकडा वाढवायचा, ११,८२० झाले की बझर वाजवायचा. सेन्सर, मोजायला एक छोटी एटीटायनी ८५ चिप, बझर, लाल दिवा, दोन-चार रेझिस्टर. पॉलिटेक्निकमध्ये मी पोरांना याच्यापेक्षा अवघड शिकवते.

पहिलं मी भोकाभोकाच्या डॉट बोर्डावर वायरी जोडून केलं. तीन दिवस चाललं. माग ही अशी वस्तू आहे की तिच्यावर ठेवलेला चहाचा कप दोन मिनिटांत स्वतःच चालत जाऊन खाली पडतो, तिथं हातानं जोडलेल्या बारीक वायरी काय टिकणार, एकेक करून सोल्डरचे डाग सुटत गेले. पूर्वी रेडिओ असेच बनायचे, आत नुसतं वायरींचं जंजाळ, प्रत्येक सांधा कुणीतरी हातानं डाग देऊन केलेला. पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं लंडनमध्ये १९३६ साली वायरी काढून त्याजागी पत्र्यावरच तांब्याचे रस्ते ठेवून रेडिओ केला, तिथनं हा छापील सर्किटचा प्रकार पुढं गेला. वायर हलते, पत्र्याला चिकटलेलं तांबं हलत नाही, बस एवढंच. मागावर बोर्ड लावून बघितला की त्या एवढंचची किंमत कळते.

मग बोर्ड करायचा कसा. कॉलेजात असताना आम्ही लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर चित्र काढून इस्त्रीनं ते तांब्यावर उतरवायचो आणि मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचो, काळ्या शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. पद्धत चांगली आहे, स्वस्त आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण एकदा घरी करताना ते पिवळं-तपकिरी पाणी मोरीतल्या फरशीवर सांडलं, तो डाग अजून आहे, आणि आईनं विचारलं की हे ओतणार कुठं? मोरीचं पाणी परसात जातं, परसात विहीर आहे, तिच्यातलं पाणी आम्ही भांड्याला वापरतो. तांबं विरघळलेलं पाणी मातीत सोडायचं नसतं हे मला माहीत होतं पण आईनं विचारेपर्यंत मी ते कुठं ओतणार याचा विचारच केला नव्हता. ती बाटली बरेच दिवस माळ्यावर पडून होती, नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन दिली, आणि घरात पुन्हा ते आणायचं नाही असं ठरलं.

तर मशीन. ३०१८ म्हणतात त्याला, ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटरचं काम करणारं छोटं सीएनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं मशीन, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पावलापावलानं फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटर, वर बिट फिरवणारा एक छोटा स्पिंडल. सुट्या भागांचं खोकं येतं, दोन संध्याकाळी लागल्या जोडायला. त्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनोच्या चिपवर चालणारा जीआरबीएल नावाचा प्रोग्राम, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडनं २००९ मध्ये लिहायला घेतलेला, फुकट. बोर्डाचं चित्र काढायचं कीकॅड, तेही फुकट, फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारास या प्राध्यापकानं १९९२ साली सुरू केलेलं. मी पोरांना हे दरवर्षी सांगते, की एका प्राध्यापकानं सुरू केलेली गोष्ट तुम्ही बेळगावात बसून वापरताय. कुणाच्या डोळ्यात काही चमकतं, कुणाच्या नाही.

फेरिक क्लोराइडच्या पद्धतीत नको असलेलं तांबं सगळं काढून टाकतात. मशीनवर उलटं, तांबं जवळजवळ सगळं राहतं, फक्त प्रत्येक रस्त्याच्या भोवतीनं एक बारीक चर कोरत जायचं, म्हणजे तो रस्ता बाकीच्यांपासून सुटा होतो. केवढा चर? तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे अर्ध्या केसाएवढा थर कापायचा, खालच्या पत्र्यात फार न घुसता.

मशीन कागदावर फार अचूक आहे. मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते, मोटर चालवणारं ड्रायव्हर सर्किट त्या प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतं, झाले ३२००, आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० पावलं, एक पाऊल म्हणजे सव्वा मायक्रॉन. हे वाचून मी पहिल्या दिवशी खूश होऊन बोर्ड लावला आणि कोरायला सोडला. डाव्या बाजूला चर एवढा खोल की रस्ताच उडून गेला, मध्ये बरोबर, उजव्या बाजूला टोक हवेत फिरत होतं, तांब्याला ओरखडा पण नाही.

उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला असलेला माझा चुलतभाऊ आहे, त्याला फोटो पाठवले. रविवारी तो उंचीतला फरक काट्यावर दाखवणारा डायल गेज घेऊन आला, स्पिंडलला बांधला आणि बोर्डावरनं फिरवला. काटा तीन दशांशानं हलला. ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रॉन, आणि मी कापायला निघालेले ३५. त्यानं हसून वगैरे काही सोडलं नाही, शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्याकडं जॉब आला की आधी जॉब बघत नाहीत, आधी बेड बघतात."

मग बेड, म्हणजे जॉब ठेवायचं मशीनचं टेबल, बघितला. त्यावर एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, फळी लावली आणि मशीनलाच तिचा वरचा थर सपाट तासायला लावलं, म्हणजे टेबल जगाच्या हिशेबानं वाकडं असलं तरी मशीनच्या हिशेबानं सरळ झालं. काटा तीन दशांशावरनं एकवर आला. पुढं तो काही खाली येईना. बोर्ड स्वतःच किंचित वाकलेला असतो, कडेला क्लँप आवळला की मध्ये फुगतो, दुहेरी टेप लावला तर टेपची जाडी सगळीकडं सारखी नसते. शिवाय एमडीएफ पाणी पिते. आमच्याकडं जून लागला की खानापूरच्या बाजूनं जो पाऊस सुरू होतो त्यात मीठ, पापड, दारं सगळंच फुगतं, तिथं ही फळी कशी सरळ राहील, पावसाळ्यात मला ती दर पंधरा दिवसांनी तासावी लागते. दोन आठवडे मी या वाकडेपणाच्या मागं लागले होते. पॅकिंग म्हणून कागदाचे तुकडे घाल, स्क्रू आवळ, ढिला कर. रात्री स्वप्नात पण तो काटा हलायचा.

उपाय फार साधा निघाला. वाकडेपणा काढायच्या मागं लागायचंच नाही, तो मोजायचा. बिटला एक मगर क्लिप लावायची, तांब्याला दुसरी वायर, दोन्ही मशीनच्या प्रोबच्या पिनला. बिट हळूहळू खाली येते, तांब्याला टेकली की सर्किट पूर्ण होतं, मशीनला कळतं की इथं तांबं एवढ्या उंचीवर आहे. वर उचल, दहा मिलिमीटर सरक, पुन्हा टेकव. आठ ओळी, सहा स्तंभ, ४८ ठिकाणी. वीस-पंचवीस मिनिटं नुसती टुकटुक. मग सॉफ्टवेअर त्या ४८ आकड्यांचा उंचसखल नकाशा करतं आणि कोरताना स्पिंडल त्या नकाशाप्रमाणं वर-खाली होत जातो, जिथं बोर्ड फुगलाय तिथं वर, जिथं बसलाय तिथं खाली. चर सगळीकडं सारखा दशांश एक मिलिमीटर. पहिल्यांदा असा बोर्ड निघाला तेव्हा मी तो दिव्यासमोर धरून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. एकही रस्ता तुटलेला नाही. एकही जोडलेला नाही. मी ते ४८ आकडे वहीत उतरवून ठेवलेत, गरज नसताना, ती वही पुढं वेगळ्याच कामाला आली.

बिटचं पण जरा सांगते कारण बोर्ड बिघडतो तो बहुतेक इथं. व्ही आकाराचं टोक असतं, ३० अंशाचं, टोकाला ०.१ मिलिमीटर रुंद. ०.१ खोल गेलं तर वरती चराची रुंदी होते ०.१५, आणि ०.२ खोल गेलं तर ०.२१. म्हणजे खोली चुकली की रुंदी पण चुकते, दोन्ही एकमेकांना बांधलेल्या. ६० अंशाची बिट घेतली तर दणकट, पण तेवढ्याच खोलीला चर रुंद पडतो, चिपच्या दोन पायांमधनं रस्ता न्यायचा असला की अडचण. मी ३० चीच वापरते. मोडतात. भोकांसाठी ०.८ ची ड्रिल, ती तर नजर लागली तरी मोडते.

बोर्डाचा पत्रा एफआर-४ नावाचा, १.६ मिलिमीटर जाड. एकदा तांबं सोललेला तुकडा आप्पांच्या हातात पडला, त्यांनी तो उजेडात धरला, खिशातनं भिंग काढलं, घडी उघडून वर ठेवलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे कापड हाय की गं. साधी वीण. ताणा दाट घातलाय, बाणा पातळ." मी इतकी वर्षं हा पत्रा हाताळतेय, शिकवताना सांगतेय की काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड इपॉक्सीत भिजवून दाबून करतात, पण त्यात ताणा कुठला, बाणा म्हणजे आडवा धागा कुठला हे मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी नख लावून इंचातले धागे मोजले सुद्धा. "काचेचा धागा फणीतनं कसा काढत असतील," हेच बराच वेळ चाललं होतं त्यांचं.

आणि त्याच कारणानं मला भीती वाटली. कापडाची धूळ काय करते ते आमच्या घरानं बघितलंय. आजोबांचा श्वास शेवटची वर्षं कसा वाजायचा ते मला आठवतं, सूत-कापसाच्या धुळीनं छाती आवळते, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आता मी काचेची धूळ घरात करणार? तर मशीनवर ॲक्रिलिकचा डबा बसवला, व्हॅक्यूमची नळी बिटच्या शेजारी, तोंडाला चांगला मास्क, काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं, झाडायचं अजिबात नाही. मशीन चालू असताना आतल्या खोलीत आप्पांना मज्जाव. कागद-फिनॉलचा जो दुसरा पत्रा मिळतो तो बिटला पण मऊ आणि काचही नसते त्यात, पहिल्या नमुन्याला मी तोच वापरते. ज्यांना घरी हे करायचंय त्यांनी बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, धुळीचं ऐका.

डबा बंद असला तरी आप्पांना बाहेरून काय चाललंय ते विचारायचं असतंच. एकदा मशीनला हुकूम देणारी जी-कोडची फाईल दाखवली, ओळीखाली ओळ, एक्स इतकं, वाय इतकं, झेड इतकं. त्यांनी विचारलं, "म्हंजे जकाटाचं पुठ्ठं?" जॅकार्डला आप्पा जकाट म्हणतात, काठाच्या नक्षीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते त्याला, एका पिकाला एक पुठ्ठा. मी म्हटलं, हो, तसंच. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हा त्याला पण भोकं पाडलेली कागदी पट्टीच होती. आप्पा म्हणाले, "मग पुठ्ठ्यावर एक भोक चुकलं की प्रत्येक साडीत तीच चूक येते, ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं नाही. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे काढले होते चित्रात, दोन बोर्ड कोरून झाल्यावर लक्षात आलं.

कोरून झालं की तांबं उघडं असतं, बाजारच्या बोर्डावर हिरवा थर असतो तसा काही नाही, चार दिवसात काळं पडतं. म्हणून मी त्याच्यावर सोल्डरचा पातळ हात फिरवते. आईला दाखवलं तर ती म्हणाली, ही तर कल्हई. आणि खरंच कल्हईच आहे, लहानपणी मारुतीच्या देवळासमोर कल्हईवाला भाता लावून बसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा फिरवून कापसानं पसरवायचा. इथं नवसागराच्या जागी राळ आणि कथलात शिसं मिसळलेलं, ६३ ला ३७, ते १८३ अंशाला एकदम वितळतं. शिशाचं म्हणून हात साबणानं धुवायचे, आणि त्या टेबलावर चहा ठेवायचा नाही.

बोर्ड मागावर बसला, मोजायला लागला. एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून पाळली, २३० व्होल्टचा रस्ता या घरच्या बोर्डावर न्यायचा नाही. पाव मिलिमीटरपेक्षा कमी चर आहेत त्यात, वर कुठलं आवरण नाही आणि भोवती सुताचा भुसा उडतोय. आत फक्त मोबाईलच्या चार्जरचे पाच व्होल्ट.

जुलैत आकडे चुकायला लागले. पदर दहा-दहा इंच आधी वाजायचा. मी सेन्सर बदलला, चुंबक बदलला, प्रोग्राम तीनदा तपासला. शेवटी भिंग लावून बघितलं तर चरांमध्ये सुताचा भुसा जाऊन बसलेला, दमट, त्याच्यातनं थोडा थोडा करंट गळत होता, त्यात मोटर चालू-बंद होतानाचा झटका, आणि सेन्सरच्या तारेला आधार म्हणून मी चिपच्या आतला रेझिस्टरच वापरलेला, तो फार अशक्त. पुढच्या बोर्डात तीन गोष्टी केल्या. चर एकाच्या जागी तीन फेऱ्यांत रुंद कोरला, बाहेरनं ४.७ किलोओहमचा रेझिस्टर दिला, आणि मधे जे मोकळं तांबं उरतं ते सगळं ग्राउंडला जोडून टाकलं, मशीनवरच्या बोर्डात तांब्याची अशी बेटं फार उरतात, ती तशीच अधांतरी सोडली की झटके पकडतात. वरनं राळ स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशनं दोन हात. आकडे बरोबर यायला लागले.

आणि आप्पा पदर चुकतच राहिले.

मला वाटलं मागाच्या आवाजात बझर ऐकू येत नसेल. मोठा बझर आणला. तरी तेच. एका दुपारी लाईट आली-गेली करत होती, माग बंद, बोर्ड बॅटरीवर लावून मी तपासत होते, बझर कर्कश्श वाजला, मी कानावर हात ठेवला, आणि शेजारी उभे असलेले आप्पा शांतपणे तपकिरीची डबी उघडत होते. मी म्हटलं, आप्पा, वाजतंय. ते म्हणाले, "कुठं?"

तो क्षण मला सांगता येत नाही नीट. ज्या माणसाला भिंतीपलीकडनं दशांश एक मिलिमीटरचं टोक गेलेलं कळतं, त्याला हातभर अंतरावरचा बझर ऐकू येत नव्हता. पण तसंच असतं ते. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचे आधी उंच आवाज जातात, ४,००० हर्ट्झच्या आसपासचे, आणि हे छोटे बझर नेमके तिथंच कुठंतरी वाजतात. बिटचं टोक गेल्यावर आवाज बसतो, जाड होतो, खाली येतो, तो त्यांना माझ्याआधी ऐकू येतो. वरचं सगळं गेलेलं होतं. कधीपासून ते घरात कुणालाच कळलं नव्हतं, त्यांना पण नाही. आईचं "हाक मारली तरी ऐकत नाहीत" हे आम्ही स्वभावात जमा धरलं होतं. मी सुद्धा.

डॉक्टरांकडं नेलं, तपासणी झाली, गेलेलं परत येत नाही म्हणाले, उरलेलं जपा. कानात घालायचे बोंडे आणले, आप्पा ते निम्मा वेळ घालतात, निम्मा वेळ खिशात असतात, त्यावरनं आमची रोज बोलाचाली होते आणि मी ती सोडणार नाही.

त्या रात्री मी मोबाईलवर सूर काढायचं ॲप घेतलं आणि वही उघडली. आप्पांना खुर्चीत बसवलं. ५०० हर्ट्झ. "ऐकू आलं." १,०००. "हां." २,०००. "जरा बारीक." ३,०००, त्यांनी मान तिरकी केली. ४,०००. काही नाही. पुन्हा खाली, डावा कान, उजवा कान. मग माग चालू करून तेच सगळं पुन्हा, कारण शांत खोलीत ऐकू येतं ते मागापुढं येत नाही. आकड्यांचे दोन स्तंभ झाले वहीत, त्या ४८ आकड्यांच्या मागच्या पानावर. सहाशेच्या आसपासचा, थांबून थांबून येणारा आवाज त्यांना मागाच्या खटखटीतनं सुटा ऐकू येत होता. सलग वाजला की तो खटखटीत मिसळून जायचा. "हा चालंल," म्हणाले, "हा म्हशीवानी हाय, पण चालंल."

म्हणजे बझर काढून स्पीकर लावायचा. जुन्या टीव्हीतला एक पडला होता. त्याला दमदार ट्रान्झिस्टर लागतो, बीडी १३९, त्याला जागा लागते, वेगळे बारा व्होल्ट लागतात, म्हणजे चित्र बदलायचं, बोर्ड नवा.

इथं लोक मला विचारतात, एवढा खटाटोप कशाला, बाहेर फाईल पाठवली की मस्त हिरवे बोर्ड घरपोच येतात, पाच-दहा एकदम, दोन्ही बाजूंनी तांबं, नाव छापलेलं. बरोबर आहे. पन्नास बोर्ड एकसारखे हवे असतील तर मीही तेच करते, आणि ते माझ्यापेक्षा शंभर पटीनं सुबक असतात यात वाद नाही. पण मला एकच हवा होता, आणि तो बरोबर होईपर्यंत चारदा बदलायचा होता. आमच्यापासनं इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार लांब, पुण्याची तपकीर गल्ली साडेतीनशे किलोमीटर, बेंगळूरचा एसपी रोड पाचशे, आणि कुरिअर येईपर्यंत आठ-पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत आप्पांनी आणखी दोन पदर चुकवले असते आणि जेवताना गप्प बसले असते. मी रात्री नऊला चित्र बदललं, साडेनऊला बोर्ड टेपनं चिकटवला, टुकटुक झाली, साडेदहाला चर पडायला लागले, आई झोपायला गेली, साडेअकराला भोकं पाडून झाली, मध्ये एक ड्रिल मोडली. सकाळी कल्हई करून, डाग देऊन, राळेचा हात मारून दहा वाजता बोर्ड मागावर होता.

दुपारी बाराच्या सुमाराला पहिल्यांदा वाजला. भों, थांबला, भों. आप्पा पाठमोरे होते, दुसऱ्या मागाशी काहीतरी करत. वळले. सावकाश आले, हँडल मारून माग थांबवला, वितीनं कापड मोजलं, आपला हिशेब आपण करून बघितला, ताण्यावरची खूण वाकून शोधली, ती तिथंच होती, आणि पदराच्या रंगाचा धोटा घातला. माझ्याकडं बघितलं पण नाही. माग चालू केला.

आता दुसऱ्या मागाचा बोर्ड करायचाय, तिथं इंचाला पिक वेगळे आहेत. ०.८ ची ड्रिल संपलीय, खडे बाजारात मिळाली नाही. परवा संध्याकाळी समोरच्या गल्लीतले एक काका आले, आप्पांच्याच वयाचे, त्यांचे पण दोन माग आहेत. आप्पांच्या मागाशी उभं राहून त्यांनी भों ऐकायचा प्रयत्न केला. त्यांना नाही आला ऐकू. "आमच्या मशीनला जरा वेगळं काहीतरी बसवून देशील काय गं?" म्हणाले. मी आतनं वही आणली, त्यांना खुर्ची दिली, आणि माग बंद करायला सांगितला.

"ऐकू आलं की नुसता हात वर करा काका," म्हटलं, आणि ५०० पासनं सुरुवात केली.